मागे उभं राहणाऱ्याची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या बालक्रीडा बक्षीस समारंभातील भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, खेळावर पंधरा मिनिटं बोला." त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसत होती. रिटायर्ड बँकवाल्याच्या हातात माइक दिला की तो मुदत ठेवीच्या व्याजदरावर घसरतो, हा अनुभव त्यांना आहे. तर आज व्याजदर नाही. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. तेही गोल करणाऱ्यावर नाही, गोल होऊ न देणाऱ्यावर.

याला कारण माझी नात. वय वर्षं अकरा. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी ती खेळून घरी आली ती तोंड फुगवूनच. पाणीसुद्धा प्यायली नाही. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "आजोबा, मला रोज मागेच उभं करतात. ज्याला खेळता येत नाही त्याला मागे उभं करतात. मी उद्यापासून जाणार नाही."

मुलांनो, खोटं सांगू नका, हे असंच चालतं ना? जो जोरात पळतो तो पुढे. ज्याचा बॉल तो तर हमखास पुढे. आणि जो लहान, जो जाड, जी मुलगी, त्यांना मागे, गोलजवळ. "तू तिकडे थांब, बॉल आला की मार," एवढीच सूचना. म्हणजे मागची जागा ही उरलेल्यांची जागा.

मी तिला म्हटलं, "उद्या नको जाऊस. पण आज रात्री माझ्याजवळ बस. तुला एका माणसाची गोष्ट सांगतो." तीच गोष्ट आज तुम्हा सर्वांना सांगतो.

पण त्याआधी मला फुटबॉल कसा कळला ते सांगायला हवं, कारण आपल्या भागात हा खेळ तसा परकाच. भोर-वेल्ह्यात आपण वाढलो ते कबड्डी, खो-खो आणि जत्रेतल्या कुस्त्यांवर. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, आमच्या पिढीच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच येतं. तिथल्या डोंगरउतारावर फुटबॉल खेळायचा म्हटलं तर चेंडू आणायला थेट ओढ्यात उतरावं लागेल.

बँकेच्या नोकरीत माझी बदली मडगावला झाली. घरची मंडळी इकडे, मी तिकडे एकटा. रविवारी करायचं काय? शाखेतले एक ज्येष्ठ कॅशिअर मला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर घेऊन गेले. गोव्यात फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेसारखा, घराघरात. मी आपला चेंडूमागे मान फिरवत बसलो होतो, टेनिस बघतात तसा. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "साहेब, चेंडू बघू नका. दहा मिनिटं फक्त मागची चार माणसं बघा. चेंडू त्यांच्यापासून लांब असताना ती काय करतात ते बघा."

मी बघितलं आणि मला खेळच वेगळा दिसायला लागला. चेंडू पलीकडे असतो आणि ही चार माणसं एका दोरीत बांधल्यासारखी चार पावलं पुढे, दोन पावलं डावीकडे सरकत असतात. सगळी एका रेषेत आली की समोरचा खेळाडू आपोआप ऑफसाइड सापडतो. एकाने जरी आळस केला, दोन पावलं मागे राहिला, तर रेषा मोडते आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. शिवाय ती सतत ओरडत असतात. भांडत नसतात हां, सांगत असतात. कारण सगळं मैदान समोर दिसतं ते मागे उभं राहणाऱ्यालाच. पुढच्याची पाठ त्याच्याकडे असते, त्याला कळत नाही मागून कोण येतंय.

आणखी एक गोष्ट त्या कॅशिअर महाशयांनी शिकवली. कच्चा बचावपटू लगेच पाय घालतो. समोरचा त्याला हुलकावणी देऊन निघून जातो. पक्का बचावपटू पाय घालायची घाई करत नाही. तो आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मधे उभा राहतो, अंगावर येणाऱ्याला हळूहळू कडेला नेतो, त्याच्या कमजोर पायावर ढकलतो, आणि त्यालाच चूक करायला लावतो. हे सगळं करताना टाळी एकही मिळत नाही. कारण घडलेलं काहीच नसतं!

मला हे चटकन पटलं, त्याला कारण माझी नोकरी. आमच्या काळी कॉम्प्युटर नव्हते. लेजरं हाताने लिहायची. महिन्याच्या शेवटी बॅलन्सिंग करायचं. सगळ्या खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर फरक शोधायचा. सव्वादोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलोय. आणि फरक सापडून शून्य झाला की काय मिळायचं? काही नाही. चहा. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आलेल्या खातेदाराला पत्ताही नसायचा. त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नव्हतं. पण तो शून्य हीच आमची कमाई होती. बचावपटूची कमाईसुद्धा तीच. शून्य.

आता त्या माणसाची गोष्ट. त्यांचं नाव राहुल भेके. मराठी माणूस, मुंबईचा. जन्म ६ डिसेंबर १९९०. बचावपटू. उजव्या बाजूलाही खेळतात आणि मधोमधही. क्रिकेटपटूंची नावं आपल्या मुलांना झोपेत पाठ असतात. हे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करा. चार. बघा, चारच.

भेके मुंबई एफसी या क्लबकडून खेळले. तेव्हा त्या क्लबचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे. २०१४ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. ईस्ट बंगाल म्हणजे शंभर वर्षांची परंपरा, आणि हरलात तर रस्त्यावर तोंड दाखवायची सोय नाही असे प्रेक्षक. त्या काळात देशात दोन वेगवेगळ्या लीग चालायच्या, आय-लीग आणि इंडियन सुपर लीग. त्यामुळे खेळाडू एका क्लबचा असे आणि काही महिने दुसरीकडे पाठवला जाई. याला ते लोन म्हणतात. आमच्या भाषेत डेप्युटेशन! त्यात व्याज लागत नाही एवढंच. अशा डेप्युटेशनवर भेके २०१५ साली केरळला आणि २०१६ साली आपल्या पुण्याला, एफसी पुणे सिटीकडे आले.

त्या वर्षी मी मुलाबरोबर कापूरहोळ, कात्रज करत बालेवाडीला एक मॅच बघायला गेलो होतो. मॅच कुणाविरुद्ध होती तेही आता आठवत नाही. मला एवढंच आठवतं की शेजारच्या खुर्चीवरचा तरुण सतत परदेशी खेळाडूंची नावं घेऊन ओरडत होता आणि मी मडगावची सवय म्हणून मागची चार माणसं बघत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, बॉल तिकडे आहे." मी म्हटलं, "असू दे."

२०१७ पासून भेके बेंगळुरू एफसीत. पहिल्याच मोसमात त्यांचा संघ सुपर लीगच्या अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर चेन्नईकडून ३-२ असा हरला. बचावफळीत खेळणाऱ्याला हा आकडा कसा झोंबत असेल, ते ज्याच्या कॅशमध्ये एकदा तरी तूट आली आहे त्यालाच कळेल. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला, तोही नेमका जुन्या क्लबाशी, ईस्ट बंगालशी. ईस्ट बंगालने पहिला गोल केला. बरोबरी कुणी साधली? भेके यांनी. बेंगळुरूने तो सामना ४-१ असा जिंकला.

आणि मग आला १७ मार्च २०१९. ठिकाण मुंबई, अंधेरीचं फुटबॉल मैदान. म्हणजे भेके यांचं गाव. सुपर लीगचा अंतिम सामना, बेंगळुरू विरुद्ध गोवा. गोव्याकडे कोरो नावाचा स्पॅनिश आघाडीवीर होता. त्या मोसमात सगळ्यात जास्त, १६ गोल त्याचे. नव्वद मिनिटं झाली, ०-०. जादा वेळ सुरू झाला. गोव्याचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला. तरी ०-०. आता पेनल्टीवर जाणार असं वाटत असताना, सामना संपायला तीन-चार मिनिटं उरली असताना, बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. कॉर्नरच्या वेळी उंच बचावपटू मागची जागा सोडून पुढे जातात. चेंडू आला, भेके उडाले, डोक्याने मारला आणि गोल! १-०. बेंगळुरू पहिल्यांदा सुपर लीगचं विजेतं झालं.

दुसऱ्या दिवशी पेपरात भेके. टीव्हीवर भेके. तीन महिन्यांत, जून २०१९ मध्ये, थायलंडच्या किंग्ज कप स्पर्धेत कुरासाओ देशाविरुद्ध ते भारताकडून पहिला सामना खेळले. वय २८. फुटबॉलमध्ये पदार्पणाला हे उशिराचं वय आहे.

इथे मी माझ्या नातीला थांबवून विचारलं होतं, तसं तुम्हाला विचारतो. त्या रात्री राहुल भेके यांनी मोठं काम कोणतं केलं? नात म्हणाली, "गोल केला ना!" मी म्हटलं, बरोबर. पण त्याआधीची एकशे पंधरा मिनिटं? सुपर लीगमध्ये त्या मोसमात सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस समोर होता आणि त्याला एकही गोल करू दिला नाही. ते काम त्यांच्या फळीचं. ते काम ते कित्येक वर्षं करत होते. आपण त्यांना बघितलं कधी? ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्याचं काम केलं, त्या दिवशी! सख्खं काम कुणाला दिसलं नाही, चुलत काम सगळ्यांना दिसलं.

खरी परीक्षा पुढे झाली. सप्टेंबर २०१९. विश्वचषकाची पात्रता फेरी. गुवाहाटीला ओमानविरुद्ध भारत १-० असा पुढे होता. ८२ व्या मिनिटापर्यंत पुढे. आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले, आपण १-२ असे हरलो. बचावाचं काम असं असतं बघा. ऐंशी मिनिटं नीट केलं ते कुणी मोजत नाही, शेवटची दहा मिनिटं सगळे मोजतात. कॅशिअरने वीस वर्षं चोख काम केलेलं असतं आणि एका दुपारी नोटांचं एक पाकीट चुकतं, तसं.

पाच दिवसांनी, १० सप्टेंबरला, दोहा येथे कतारशी सामना. कतार त्या वेळी आशियाचा विजेता होता, जपानला हरवून झालेला. त्यांच्याकडे अल्मोएझ अली होता, ज्याने एकट्याने त्या आशियाई स्पर्धेत नऊ गोल केले होते. आणि आपला कर्णधार सुनील छेत्री आजारी, संघाबाहेर. उजवीकडे राहुल भेके, मधे संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई, आणि मागे गोलमध्ये गुरप्रीत सिंग संधू. कतारने हल्ल्यामागून हल्ले चढवले. नव्वद मिनिटं जणू एकाच गोलवर खेळ चालला होता. निकाल काय लागला? ०-०.

त्या सामन्याच्या निकालपत्रात गोल करणाऱ्याचा रकाना रिकामा आहे. तिथे कुणाचंच नाव नाही. पण मला विचाराल तर तो रिकामा रकाना ही त्या पाच जणांची सही आहे. आमच्या बॅलन्सिंगसारखी. फरक शून्य.

मंडळी, मराठीत यासाठी एक शब्द आधीपासून आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. खिंड लढवणे. बाजीप्रभू हे हिरडस मावळचे देशपांडे, म्हणजे आपल्या भोरच्याच भागातले. १६६० साली त्यांनी घोडखिंड लढवली ती शत्रूचा प्रदेश जिंकायला नाही. मागचा माणूस सुखरूप पोहोचावा म्हणून लढवली. मी खेळाची आणि बलिदानाची बरोबरी करत नाही, ते पाप होईल. एवढंच म्हणतो की मागे उभं राहून दुसऱ्यासाठी वाट अडवून धरणं हे उरलेल्यांचं काम आहे, असं निदान या मुलखातल्या मुलांना तरी वाटू नये. राजगडावर सहलीला जाता तेव्हा संजीवनी माचीवर नीट बघा. तिथे तट दुहेरी आहे. बाहेरचा पडला तरी आतला उभा. फुटबॉलमध्ये एक बचावपटू चुकला तर दुसरा त्याच्या मागे असतो, त्याला कव्हर म्हणतात. आपल्या लोकांनी ते दगडात बांधून ठेवलंय.

आता पालकांसाठी थोडं बोलतो. कारण मुलं उद्या म्हणतील, "आम्हाला फुटबॉलपटू व्हायचंय," आणि तुम्ही रात्री माझ्या दारात येऊन म्हणाल, "काका, काय भरवलंत डोक्यात?"

आमच्या वेळी खेळाडू म्हणजे नोकरी होती. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, एअर इंडिया, ओएनजीसी, सगळ्यांचे संघ असत. खेळाडू सकाळी सराव करायचा, दुपारी टेबलावर बसायचा, गुडघा गेला तरी पगार आणि पुढे पेन्शन चालू. माझ्याबरोबर असे दोघे होते. चालान भरायला त्यांच्याकडे गेलं की लोक आधी मॅचबद्दल बोलायचे. आता तसं नाही. आता करार असतो. पैसा आमच्या काळापेक्षा कितीतरी जास्त, पण करार संपला की संपलं.

आणि क्लबांचं म्हणाल, तर भेके ज्या मुंबई एफसीकडून खेळले तो क्लब २०१७ साली बंद झाला. ज्या पुणे सिटीकडून खेळले तो २०१९ साली बंद झाला. त्याआधी महिंद्रा युनायटेड, राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, २०१० मध्ये बंद. पुण्याचा जुना पुणे एफसी २०१५ मध्ये बंद. अगदी अलीकडची गोष्ट, ऑगस्ट २०२५. सुपर लीगचा करार लटकला, हंगाम वेळेवर सुरू होईना, तेव्हा बेंगळुरू एफसीने आपल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. विजेतेपद मिळवून दिलेल्या खेळाडूंचे! महिन्याच्या शेवटी पगार खात्यात जमा, या सवयीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटला.

म्हणून मी कुणालाही सांगणार नाही की पुस्तकं गुंडाळून ठेवा. पदवी घ्या, हातात एक दुसरं काम ठेवा. संजीवनी माचीचा दुसरा तट म्हणा त्याला. पण हेही सांगतो की एवढं सगळं होऊनसुद्धा हा माणूस टिकला. कसा टिकला, ते बघण्यासारखं आहे.

२०२१ मध्ये ते मुंबई सिटीकडे गेले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या हवाई दलाच्या क्लबाविरुद्ध मुंबई सिटी २-१ असा जिंकला. त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. विजयी गोल कुणाचा? पुन्हा भेके. २०२४ मध्ये ते बेंगळुरूला परतले. नोव्हेंबर २०२४, हैदराबाद. भारत मलेशियाविरुद्ध एका गोलने मागे. कॉर्नर आला, भेके यांचा हेडर, १-१. देशासाठी त्यांचा हा पहिला गोल, चौतिसावं वर्ष संपायला काही दिवस उरले असताना. या वयात पुढचे खेळाडू बहुधा बूट ठेवून देतात. पण मागे खेळणाऱ्याचा वेग थोडा कमी झाला तरी नजर वाढलेली असते. कुठे उभं राहायचं हे कळलं की पळावं कमी लागतं. आम्हा म्हाताऱ्यांना हे ऐकून बरं वाटतं!

आणि आता ते नाव, लक्षात ठेवायला सांगितलेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले खालिद जमील. तेच, मुंबई एफसीचे. त्यांनी पहिल्याच स्पर्धेला, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला, भेके यांना नेलं. म्हणजे ज्या महिन्यात क्लबने पगार थांबवला, त्याच महिन्याच्या शेवटी हा माणूस देशासाठी मैदानात होता. तिसऱ्या क्रमांकाचा सामना, ८ सप्टेंबर, समोर ओमान. गुवाहाटीत शेवटच्या मिनिटांत आपल्याला हरवणारं तेच ओमान. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. आपल्यातल्या दोघांच्या चुकल्या, भेके यांनी आपली घातली. शेवटची गुरप्रीतने अडवली आणि भारत ३-२ असा जिंकला. सहा वर्षांनी हिशेब जुळला. आमच्या भाषेत, जुनी एंट्री रिकन्साइल झाली.

ही गोष्ट संपल्यावर माझी नात बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, पण मला कुणी सांगितलंच नाही की मागे उभं राहून काय करायचं असतं." बरोबर होतं तिचं. आपण मागे उभं करतो आणि काम शिकवत नाही, मग म्हणतो येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाली उतरलो. मी काठी टेकत. तिला सांगितलं, चेंडू नको बघू, माणूस बघ. घाईने पाय नको घालू. आणि ओरड, तुला सगळं दिसतंय.

आणि तिथे उभं असताना माझी नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. आता जे सांगतो ते सांगायचं नव्हतं, पण पंचवीस वर्षांच्या हिशेबात ही नोंद राहायला नको.

बी विंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पाटी आहे, 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' तो आदेश माझा. मी सचिव असताना एका घराची काच फुटली, भांडण झालं, आणि मी दुसऱ्याच दिवशी पाटी लावून मोकळा झालो. काचेचे पैसे साडेतीनशे रुपये होते. साडेतीनशे रुपयांसाठी मी एका अख्ख्या पिढीला कंपाउंडबाहेर, वाहत्या रस्त्यावर खेळायला लावलं. तेव्हाची मुलं आता पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. आज समारंभासाठी आली आहेत, मागे उभी आहेत, हसतायत. बाळांनो, चूक माझी होती. घाईने पाय घातला.

आता येत्या सर्वसाधारण सभेत त्याच जागेवर पार्किंगची शेड टाकण्याचा विषय आहे. गाड्या वाढल्या, अडचण खरी आहे, माझीही गाडी उन्हात असते. मागच्या वर्षी मीच या ठरावाला अनुमोदन दिलं होतं. आज सर्वांसमक्ष सांगतो, या वेळी माझं मत विरोधात असेल. गाडीला ऊन लागलं तर रंग उडतो. मुलांना मैदान नसलं तर काय उडतं, ते आपण मोबाईलमध्ये मान घातलेल्या प्रत्येक घरात बघतोय. जाळी लावू, त्या बाजूच्या खिडक्यांना संरक्षण करू, दुपारी एक ते चार आणि परीक्षेच्या दिवसांत खेळ बंद ठेवू. पण जागा राखू. तुमचं मत वेगळं असेल तर सभेत मांडा, मी मनाला लावून घेणार नाही.

शेवटचं. या पंचवीस वर्षांत आपली संस्थाही अशाच मागे उभं राहणाऱ्यांनी राखली. पहाटे पाचला पाण्याचा पंप सुरू करणारे आपले वॉचमन मामा. एकही वर्ष ऑडिटमध्ये शेरा येऊ न देणाऱ्या आपल्या खजिनदार बाई. पावसाळ्याआधी स्वतः गच्चीवर चढून पन्हाळी साफ करून घेणारे, आज आपल्यात नसलेले पहिले अध्यक्ष. पाणी आलं, लिफ्ट चालली, गच्ची गळली नाही, म्हणजे 'काही घडलंच नाही'. ते शून्य फुकट आलेलं नाही.

आजच्या बक्षिसांच्या यादीत 'सर्वाधिक गोल' हे बक्षीस आहे, छान आहे. त्यात मी माझ्या पेन्शनमधून एक भर घालतो. यंदापासून दरवर्षी एक करंडक, ज्या संघावर सगळ्यात कमी गोल झाले त्या संघाच्या मागच्या फळीला. एकट्याला नाही, सगळ्यांना मिळून. कारण रेषा एकट्याने धरता येत नाही. आणि पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी मॅच बघायला खाली याल तेव्हा दहा मिनिटं चेंडू बघू नका. तुमचं पोर मागे उभं असेल तर त्याच्याकडे बघा. आणि काहीच घडलं नाही, तर टाळी वाजवा.

पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, त्याबद्दल क्षमा असावी. रौप्यमहोत्सवी वर्षात एवढी सूट मिळावी. संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी मनापासून शुभेच्छा. तो बघायला मी नसेन, पण तेव्हा मागची जागा मोकळी असावी आणि तिथे कुणीतरी ओरडत असावं, एवढीच इच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.